दहा वाजताचा आकडा

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार

दोनशे पंचवीस! काहीतरीच काय!

सकाळी दहाला लॅबमधल्या सुकन्याचा नेहमीचा फोन. "ताई, आकडा घ्या. दोनशे पंचवीस बार." मी म्हटलं, परत बघ. "तीनदा बघितलं ताई. मी पण चक्रावले." माझं मॉडेल म्हणतंय तीनशे दहा. पाच-दहाचा फरक असता तर मुकाट्याने गिळला असता. पंच्याऐंशीचा म्हणजे दोघांपैकी एक साफ चूक आहे. लॅब नाहीतर मी.

मी नाही. मॉडेल दिवसभर उलटं-पालटं करून बघितलं.

खालच्या मजल्यावरच्या कडूबाई, म्हणजे माझ्या घरमालकीण, कोजागिरीचं दूध घेऊन वर आल्या. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "कोन मेलं का काय?" मग त्यांना समजावत बसले. विहिरीच्या तळाशी कच्च्या तेलावर प्रचंड दाब असतो. तोवर त्यातलं काळं, जड अ‍ॅस्फाल्टीन तेलात विरघळून निमूट असतं. तेल वर येताना दाब उतरतो आणि एका ठरावीक दाबाला ते भुकटीसारखं बाहेर पडायला लागतं. नळीला आतून थर धरतं आणि विहीर तुंबते. तो दाब किती बार, हे विहीर सुरू करायच्या आधी गणिताने सांगायचं, हे माझं काम. लॅब तोच दाब बाटलीतल्या तेलावर मोजते.

"मंग त्या भुकटीचं काय करत्यात?"

"काही नाही. तसलंच डांबरात असतं. रस्त्याला लागतं."

"मंग चांगलंच हाय की," म्हणाल्या आणि गेल्या. वीस वर्षं शिकून-शिकवून जे कमावलं त्याचा निकाल लागला. दूध मात्र छान होतं, जायफळ जास्त.

७ ऑक्टोबर, मंगळवार

परत चालवलं. तीनशे दहा.

९ ऑक्टोबर, गुरुवार

अनिमेषबरोबर मीटिंग. हा कंपनीच्या बडोद्याच्या ऑफिसात बसतो, प्रोजेक्ट त्याच्याकडे आहे. वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, पण बोलतो असा की मी त्याच्या शिकवणीला येते.

"मॅडम, मॉडेल म्हणजे शेवटी अंदाज. लॅबने डोळ्यांनी बघितलंय."

डोळ्यांनी! नगरच्या एमआयडीसीतल्या त्या लॅबमध्ये एका बाटलीतलं तेल बघितलंय, विहीर नाही. विहीर तळाशी दोनशे साठ बार ठेवून चालवायची आहे. लॅबचा आकडा खरा धरला तर तळाशी काही बसणार नाही, बिनधास्त सुरू करा. माझा खरा धरला तर भुकटी तळापासूनच पडणार आणि आत औषध सोडायची बारीक नळी आधीच उतरवावी लागणार. विहीर चालू झाल्यावर ती उतरवणं म्हणजे सगळं परत बाहेर काढा. महिनाअखेर ठरवायचं आहे. त्याला नळी नको आहे, म्हणून त्याला लॅब आवडते.

"आणि तुम्ही शेजारच्या विहिरीवरून पॅरामीटर घेतलेत ना? ही वेगळी विहीर आहे."

एकाच थरातलं तेल आहे म्हटलं. आवाज चढला माझा. मग कॅमेरा बंद केला आणि नेट गेलं म्हणून सांगितलं. नगर जिल्ह्यातल्या या डोंगराळ अकोल्यात राहण्याचा हा एक फायदा, सगळ्यांना खरं वाटतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

रविवार मला आवडत नाही. लॅबला सुट्टी, फोन नाही. आज दुपारी लक्षात आलं की सकाळपासून तोंडातून एक शब्द निघालेला नाही. मोठ्याने "चहा करावा का?" म्हणून बघितलं. आवाज घोगरा आला.

कंपनीने पुण्याचं ऑफिस बंद केलं आणि घरून काम करा म्हणाली, तेव्हा बाकीच्यांना घरं होती. मी म्हटलं, एकटीनेच राहायचं तर खिडकीतून डोंगर तरी दिसू दे. म्हणून ही खोली घेतली. डोंगर दिसतो. रोज दिसतो. त्याच्याशी किती बोलणार?

संध्याकाळी कडूबाई खुरासणीच्या तेलाची बाटली घेऊन आल्या. "तुमचं तेलाचंच काम ना? मंग बघा बरं यात भेसळ हाय का." त्यांच्या दृष्टीने सगळी तेलं एकच. मी उजेडात धरून गंभीर तोंडाने बघितली आणि नाही म्हटलं. आता गल्लीतल्या चार बायका येतील. येऊ देत, तेवढंच कुणीतरी येईल.

१५ ऑक्टोबर, बुधवार

दहाचा फोन. दुसऱ्या एका तेलाची घनता द्यायची होती. ती द्यायला अर्धं मिनिट लागलं. बाकी वेळ सुकन्या बोलत होती आणि मी ऐकत होते.

"काय खाल्लं सकाळी? खोटं नका सांगू." मी बिस्किटं म्हटलं. "मला वाटलंच. एवढ्या मोठ्या मॅडम आणि बिस्किटं खाऊन राहतात."

हिला मी कधी बघितलेलं नाही. दीड वर्ष झालं, फक्त आवाज. पारनेरच्या बाजूची, शेतकऱ्याची पोर. रसायनशास्त्रात एमएस्सी केलं आणि नगरला लॅबमध्ये लागली. वडील, सहादेव नाव त्यांचं, गावात सगळ्यांना सांगतात की माझी पोरगी सरकारचं पेट्रोल तपासते. ही त्यांना सांगून दमली की सरकारचं नाही आणि पेट्रोलही नाही. "मग मी सोडून दिलं ताई. त्यांना बरं वाटतं ना!"

दिवाळीनंतर राधाकृष्ण सर पर्मनंट करणार म्हणाली. सर म्हणजे लॅबचे मालक. मग गावाकडून आईला नगरला आणणार, दोन खोल्या बघून ठेवल्यात. "तुम्ही यायचं हां ताई, वास्तुशांतीला." भाड्याच्या घराची कुठे वास्तुशांती असते! पण हो म्हटलं. मला कुणी कशाला बोलावल्याला किती दिवस झाले.

फोन ठेवल्यावर पोहे केले.

१८ ऑक्टोबर, शनिवार

अनिमेषची मेल: मॉडेल लॅबशी जुळवून पाठवा.

जुळवायला काय लागतं? अ‍ॅस्फाल्टीन आणि बाकीचं तेल यांचं एकमेकांशी किती पटतं, यासाठी मॉडेलमध्ये एक आकडा असतो. तो जरासा सरकवला की तीनशे दहाचे दोनशे पंचवीस होतात. सरकवला. झाले. आलेख लॅबच्या ठिपक्यावर अलगद जाऊन बसला. कुणालाही बघून बरं वाटेल.

मग तोच आकडा शेजारच्या विहिरीला लावला. तर मॉडेल म्हणतं, ती विहीर कधी तुंबलीच नाही! मी स्वतः तिची कापलेली नळी बघितली आहे. आत करंगळी जाईल एवढंच भोक उरलं होतं. चिमटीत धरलेली ती काळी भुकटी दोन दिवस नखातून गेली नव्हती.

फाईल पाठवली नाही. पुसून टाकली.

हे द्रव्य जड असतं म्हणून खाली बसतं असं सगळ्यांना वाटतं. तसं नसतं. भोवतीचं तेल बदलतं, त्याला धरून ठेवणारं कमी होतं, म्हणून ते बाहेर पडतं. कंपनीत येण्याआधी पुण्यात मुलांना शिकवताना हे वाक्य मी रुबाबात टाकायचे. आज लिहिताना बरं वाटलं नाही.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

पणती लावली. लॅपटॉपला हळद-कुंकू वाहिलं. आई पैशांच्या पेटीलाही वाहायची. बाकी काही नाही.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

दादाकडे नगरला जायचं होतं. पिशवी भरून एसटी स्टँडवर पोहोचले आणि त्याचा फोन. "अगं, हिच्या माहेरी अचानक निघावं लागलं. तू पुढच्या रविवारी ये ना. तुला काय, कधीही येता येतं."

हो, मला काय.

परत आले. करंज्या कडूबाईंना दिल्या. त्यांनी काही विचारलं नाही, आपल्या घरात बसवून जेवायला वाढलं. कालवणात तिखट लई होतं म्हणून डोळ्यांतून पाणी आलं असं सांगायला सोपं गेलं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

सुट्टी संपली. दहाला फोन आला आणि मला इतका आनंद झाला की माझीच मला लाज वाटली.

सुकन्या म्हणाली, "ताई, तुम्ही दिसता कशा हेच मला माहीत नाही. फोटो पाठवा की." माझ्याकडे ओळखपत्राचा एकच, आठ वर्षांपूर्वीचा, चोरासारखा. तोच पाठवला. तिने लगेच तिचा पाठवला. "खंडेनवमीचा आहे. साडी आईची."

सावळी, उंच, डाव्या गालावर खळी. आवाजावरून बारीक वाटायची, आहे चांगली दणकट. मोरपंखी साडी, केसांत शेवंती. मागे लॅब. मी किती वेळ बघत होते कोण जाणे. वाटलं, असं कुणीतरी आपलं असावं, ऊठसूट ओरडणारं.

मग मागचं यंत्र दिसलं. ती ज्याच्यावर हात ठेवून उभी आहे, ते बाटली हलवायचं यंत्र. झेंडूची माळ, हळदीकुंकवाची बोटं, पुढे नारळ. आणि तापमान दाखवणारी पट्टी काळी. बंद.

खंडेनवमी एक तारखेला होती. आमची बाटली तेव्हा त्या यंत्रात होती.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

विचारलं. विचारल्याशिवाय राहवलं नाही.

"हो ना ताई," अगदी सहज म्हणाली. "खंडेनवमीला सर सगळं बंद करतात. वर्षातून एक दिवस यंत्राला विसावा. पूजा झाली की दुसऱ्या दिवशी दसऱ्याला दुपारी सोनं वाटून मग चालू."

"बाटली आतच होती?"

"आतच होती."

विहिरीतून तेल बाटलीत येतं तेव्हा ते गार झालेलं असतं, साका खाली बसलेला असतो. म्हणून ती बाटली विहिरीइतकी तापवून सलग पाच दिवस हलवायची, सगळं परत विरघळेपर्यंत. मगच मोजायचं. मध्येच थांबलं, गार झालं, की साका परत तळाला. वरचं वरचं तेल मोजलं की आकडा कमीच येणार. दोनशे पंचवीस येणारच!

"नंतर दोन दिवस फिरवलं की मी ताई." आता तिचा आवाज उतरला होता.

"रिपोर्टात सलग पाच दिवस म्हटलंयस तू."

मागे कुणीतरी स्टूल सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "सरांनी बंद केलं, त्यांना मी काय सांगणार? आणि नेहमी तसंच लिहितात, म्हणून लिहिलं." आणि हळूच, "पर्मनंटचं या पंधरवड्यात होणार आहे."

कुणाला सांगू नका, असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर मला रागावता तरी आलं असतं.

२९ ऑक्टोबर, बुधवार

दहाला फोन केला तिने. आकडा दिला. काय खाल्लं विचारलं. मी पोहे म्हटलं. खाल्लं नव्हतं काहीच.

सांगितलं नाही तर परवा अनिमेष दोनशे पंचवीस धरून विहीर सुरू करणार. तुंबली की सगळे म्हणणार, मॉडेलवाल्या बाईंना आधी कळलं नाही का? कळलं होतं. सांगितलं तर त्या पोरीची नोकरी जाते, मालकाने स्वतः बटण बंद केलेलं असलं तरी. मालक काय स्वतःला काढणार आहे?

आणि माझा फोन जातो. हे लिहायला लाज वाटते पण तेच पहिल्यांदा मनात आलं.

३० ऑक्टोबर, गुरुवार

सांगितलं.

परत मोजा एवढंच म्हणून बघितलं होतं. अनिमेष म्हणाला, या विहिरीच्या तेलाची राखीव बाटली एकच आहे, कारण दिल्याशिवाय उघडणार नाही. मग कारण दिलं. त्याने तिथल्या तिथे राधाकृष्ण सरांना मीटिंगमध्ये घेतलं आणि त्यांनी सुकन्याला शेजारी बसवलं. तिला पहिल्यांदा हलताना-बघताना बघितलं ते असं. मान खाली.

राधाकृष्ण सर आधी हसले. "मॅडम, तीस वर्षं खंडेनवमी करतोय, एकही मशीन रुसलं नाही." मी म्हटलं, मशीन नाही रुसत, तेल रुसतं. मग ते हसायचे थांबले आणि तिच्याकडे वळले. "बाटली आत आहे हे तू मला सांगायचं नाही? आणि वर सलग लिहायचं?"

मी म्हटलं, बंद तुम्ही केलंत. ते म्हणाले, "मॅडम, आमच्या लॅबचं आम्ही बघू. दुसरी बाटली लावतो. आकडा तोच आला तर प्रश्न नाही. बदलला तर या मुलीचं काय करायचं ते मी बघतो."

मीटिंग संपताना तिने एकदा वर बघितलं. माझा कॅमेरा चालू होता.

विहिरीसाठी सांगितलं, असं मी दुपारपासून स्वतःला सांगते आहे. तेही खरं आहे. पण तीनशे दहा बरोबर आहेत हे मला त्या सगळ्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, हेही तितकंच खरं आहे. शेचाळीस वर्षांच्या बाईकडे दुसरं काय आहे? एक मॉडेल आहे.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

दहा वाजले. फोन नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

दुसऱ्या तेलाची घनता मेलने आली. वर "रिस्पेक्टेड मॅडम", खाली तिचं पूर्ण नाव. मध्ये एक आकडा. आज दुसरी बाटली यंत्रात लावली, असंही एका ओळीत. शनिवारपर्यंत सलग फिरवणार, सोमवारी मोजणार.

मी "थँक यू" लिहिलं. मग पुसून "धन्यवाद" लिहिलं. मग तेही बरं दिसेना. शेवटी काहीच पाठवलं नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

घरात बसवेना म्हणून कडूबाईंबरोबर त्यांच्या खाचरात गेले. भात कापणी चालू आहे. मला विळा देईनात. "तुमी बांधावर बसा, हात कापून घ्याल." बसले. वारा गार होता, भाताचा वास येत होता आणि बायका पुढे सरकत होत्या. मी तिथे असल्या-नसल्याने काही फरक पडत नव्हता.

भाकरी खाताना कडूबाई म्हणाल्या, "ती पोरगी फोन न्हाई करत व्हय आता?"

कुठली पोरगी, म्हटलं.

"सकाळच्याला करायची ती. वर तुमी हसायच्या ना, खाली समदं ऐकू यायचं. मी आपली म्हनायचे, चला, बाईंचा दिस सुरू झाला." ठेचा माझ्याकडे सरकवला. "भांडला का?"

नाही, म्हटलं. मी तिची चूक सांगितली.

"कोनाला?"

"तिच्या साहेबाला."

कडूबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, खाल्ला, पाणी प्यायल्या. "मंग कशी करंल फोन?" एवढंच म्हणाल्या आणि विळा घेऊन उठल्या.

हे काय मला कळत नव्हतं?

८ नोव्हेंबर, शनिवार

अनिमेषचा फोन. सूर एकदम बदललेला. "मॅडम, शेजारच्या विहिरीचा जुना डेटा मी पण काढून बघितला. तुम्ही म्हणता ते पटतंय. सोमवारी तीनशेच्या पुढे आलं की सगळ्या विहिरींसाठी तुमचंच मॉडेल घेऊ. दोन वर्षं तुम्हाला श्वास घ्यायला वेळ मिळणार नाही."

हे ऐकायला मी महिनाभर तळमळत होते. थँक यू म्हटलं.

मग तो म्हणाला, "राधाकृष्ण सरांनी दुसरा माणूस बघायला सुरुवात केलीये. बरंच झालं म्हणा, लॅबला शिस्त लागेल."

बरंच झालं! मी विचारलं, सर स्वतःला कुठली शिस्त लावणार आहेत? अनिमेष हसला. मी विनोद केला असं वाटलं त्याला.

९ नोव्हेंबर, रविवार

तीनशे दहा आले तर मी खरी आणि ती घरी जाणार. सहादेवरावांना काय सांगेल? गावभर सांगितलेलं असतं अशा बापांनी. आईसाठी बघितलेल्या दोन खोल्या सोडाव्या लागतील. दोनशे पंचवीस आले तर माझं मॉडेल कचऱ्यात आणि बहुधा मीही. मधलं काही येणार नाही.

आज दुपारी मॉडेल उघडून बसले आणि पहिल्यांदाच त्यात चूक सापडते का म्हणून शोधलं. नीट, मन लावून, परीक्षेचा पेपर तपासावा तसं. एकेक ओळ. सापडली नाही. लॅपटॉप मिटून रडले. खाली ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडला.

काय हवंय मला? दोन्ही हवंय. मी बरोबर हवी आणि फोन यायला हवा. असं होत नसतं एवढं मलाही कळतं.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज मोजणार होते. दिवसभर काही नाही. मेल उघडून उघडून डोळे दुखले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी मेल आली. सुकन्याचीच. सलग पाच दिवस, मध्ये एकदाही बंद नाही, रात्री ती स्वतः लॅबमध्ये थांबली होती. दोनशे तेवीस.

दोनशे तेवीस!

चुकले. साफ चुकले. ही विहीर वेगळी आहे आणि यंत्र थांबल्याने काही बिघडलं नव्हतं. खुर्चीत बसले होते ती उठून उभी राहिले आणि हसायला लागले. मोठ्याने, एकटीच, वेड्यासारखी. कडूबाईंनी खालून हाक मारली, काय झालं म्हणून. माझं मॉडेल गेलं, म्हणून ओरडले. त्यांना वाटलं कुणीतरी गेलं, वर धावत आल्या.

अनिमेषला एका ओळीत कळवलं: लॅब बरोबर, मी चूक. मग सुकन्याला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. तिसऱ्यांदा उचलला.

"आकडा मेल केलाय मॅडम," म्हणाली.

"मिळाला. आकड्यासाठी नाही केला फोन," मी म्हटलं.

तिने फोन ठेवला नाही.